जळालेलं जंगल, घाईचा कायदा आणि आपला अकोले तालुका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. राजकारणाची नाही, पण वाचून झाल्यावर कुणाला राजकारणाची वाटली तर माझा इलाज नाही.

गेल्या वर्षी जुलैत अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कात वणवा लागला. ४ जुलै २०२५ ला वीज पडली, आग धुमसत राहिली, सुरुवातीला ती विझवण्यापेक्षा एका टापूत कोंडून ठेवायचं धोरण घेतलं, मग वारा सुटला आणि १२ जुलैच्या रात्री दरीच्या उत्तर काठावरचं जुनं दगडी लॉज जळून गेलं. त्याच्यासोबत डझनावारी इमारती गेल्या. एकूण सुमारे १ लाख ४५ हजार एकर क्षेत्र होरपळलं. त्यानंतर तिथे दोन मागण्या पुढे आल्या. पहिली, आग कोंडून ठेवायचा निर्णय कुणी घेतला त्याची चौकशी करा. दुसरी, लॉज लवकर उभं राहावं म्हणून कायद्यानेच वाट मोकळी करा, परवानग्यांच्या फायली वर्षानुवर्षं फिरवत बसू नका.

ही दुसरी मागणी वाचून मला हसू आलं नाही, उलट जरा हेवा वाटला. जळालेलं लवकर उभं करायला कायदा! आपल्याकडे दर उन्हाळ्यात डोंगर जळतात. त्यासाठी असा कायदा कधी झाला का, झाला तर कुणासाठी झाला, हे शोधत बसलो. जुने कायदे काढले, माझ्या जुन्या वह्या काढल्या. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी घरचं. आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नॅशनल पार्क नाही. अभयारण्यं आहेत. अकोल्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड, १९८६ सालचं, ३६१ चौरस किलोमीटरचं. कर्जतमधलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, १९८० सालचं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. आणि माळढोकचं, जे सोलापूर आणि आपला जिल्हा मिळून १९७९ साली जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात कर्जत-श्रीगोंद्याची गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. माळढोक थोडे आणि सातबारे लाखभर अशी गत. लोकांना जमिनीचा व्यवहार करायचा तरी धास्ती. ते क्षेत्र सुप्रीम कोर्टाच्या संमतीने १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. अभयारण्य एका अधिसूचनेत झालं, चूक दुरुस्त व्हायला एक पिढी गेली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता वणव्याचं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकता तालुका वार्ताहर झालो होतो तेव्हाची गोष्ट. मार्च महिना. रात्री नऊच्या सुमाराला कळसूबाईच्या रांगेतल्या एका डोंगरावर नारिंगी माळ पेटलेली दिसली. ओळखीच्या वनरक्षकाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. वर पोचेपर्यंत घामाने निथळलो. तिथे माणसं होती बारा. त्यातले खात्याचे दोन, बाकी खालच्या ठाकरवाडीतले. हातात काय, तर करवंदीच्या आणि आंब्याच्या ओल्या डहाळ्या. डहाळीने आग झोडपायची, दोन पावलं मागे यायचं, डोळे चोळायचे, परत पुढे. मी पण झोडपली. पंधरा मिनिटांत भुवया करपल्या. पहाटे तीनला आग कड्याला भिडून आपोआप विझली, आम्ही विझवली असं म्हणणं खोटं ठरेल.

बातमी लावली, 'वनविभागाने वणवा आटोक्यात आणला'. चार ओळी, आतल्या पानावर. ठाकरवाडीचं नाव त्यात नव्हतं. ती चूक माझीच, डेस्कची नाही. त्या दहा जणांपैकी एक म्हातारेबुवा नंतर बाजारात भेटले. म्हणाले, "दादा, आमी लावला असा लिवला नाई, येवढं बरं केलं." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. कायदा वाचल्यावर कळला.

तो कायदा म्हणजे १९२७ चा भारतीय वन कायदा. आजही चालू आहे. त्याचं कलम २६ राखीव जंगलात आग लावणाऱ्याला शिक्षा सांगतं, ते ठीकच आहे. पण त्याच कलमात एक पोटकलम आहे, तिसरं. राखीव जंगलात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क वाटेल तितक्या काळासाठी थांबवू शकतं. सगळ्यांचे. आग एकाने लावली, गुरं अख्ख्या गावाची बंद. आणि कलम ७९ म्हणतं की जंगलात ज्याचा हक्क आहे त्याने आग दिसली की कळवायचं आणि विझवायला यायचं, ते त्याचं कर्तव्यच आहे. म्हणजे विझवायला गावाने यायचं, आणि आग कुणी लावली ते सापडलं नाही तर संशय पण गावावर. म्हाताऱ्याला कलम माहीत नव्हतं, पण कलमाचा अनुभव तीन पिढ्यांचा होता.

हे इतकं कडक का झालं, त्याला इतिहास आहे. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रजांनी जंगलं राखीव करायचा सपाटा लावला. त्यांना लाकूड हवं होतं. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या भातशेतीची रीत काय, तर राब भाजायचा. रोपं टाकायच्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण, गवत अंथरायचं, उन्हाळ्याच्या शेवटाला पेटवायचं, मग त्या राखेत पाऊस पडला की भात पेरायचं. तण मरतं, रोप जोमदार येतं. अकोल्यात, जुन्नर-आंबेगावात, पलीकडे ठाण्या-कुलाब्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच. साहेबाच्या डोळ्यांना मात्र त्यात फांद्यांची नासाडी आणि आगीचा धोका दिसला. बंधनं आली. ठाण्या-कुलाब्यात एवढा असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ साली फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल १८८७ ला आला. शेतकऱ्याच्या राबासाठी सरकारी कमिशन बसलं होतं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचलं नाही.

एक प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. राबाची ठिणगी उडून डोंगर पेटतो, हे खोटं नाही. मी पाहिलंय. पावसाळ्यात गवत चांगलं फुटावं म्हणून माळ पेटवणारे आहेत, ससे-रानडुकरं बाहेर काढायला पेटवणारे आहेत, आणि अलीकडे बिडी-सिगारेट टाकणारे, शेकोटी तशीच सोडून जाणारे गडावरचे पाहुणे आहेत. आपल्याकडे विजेने लागलेला वणवा विरळाच. म्हणजे आपला वणवा बहुतेक माणसाचाच. म्हणूनच त्यावरचा इलाज पण माणसांमधूनच जातो, असं माझं मत आहे.

१९२७ चा कायदा झाला आणि तीनच वर्षांत, १९३० ला, महाराष्ट्रभर जंगल सत्याग्रह पेटला. पुसदला, बिळाशीला, चिरनेरला. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार होऊन माणसं गेली. मिठाचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ आहे. गवताचा आणि लाकडाचा सत्याग्रह कुणाला आठवत नाही, कारण तो बहुतेक समुद्र नसलेल्या मुलखाचा होता.

याच काळातली दुसरी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती आपल्याकडची नाही, कुमाऊंची आहे, आजच्या उत्तराखंडातली. तिथेही १९११ नंतर जंगलं झपाट्याने राखीव केली. लोक चिडले. १९१६ ला आणि मग १९२१ ला तिथली जंगलं पेटली, आणि ती पेटवली गेली होती. रामचंद्र गुहांनी यावर लिहिलंय. सरकारी व्यापाराच्या चीडच्या म्हणजे पाइनच्या जंगलात आग होती, लोकांच्या रोजच्या कामाची रुंद पानांची जंगलं मात्र वाचली. म्हणजे आग आंधळी नव्हती. मग सरकारने काय केलं? कलमं आणखी कडक केली असतील असं तुम्हाला वाटेल. पण १९२१ ला तक्रारी ऐकायला समिती बसवली, बरंच जंगल राखीवातून काढलं, आणि १९३१ ला वन पंचायतीचे नियम केले. गावाचं जंगल गावाने राखायचं. आगीनंतर आलेला कायदा दहा वर्षांनी आला, पण तो जंगल राखणाऱ्याच्या हातात काहीतरी देऊन गेला. त्या वन पंचायती आजही आहेत. सगळ्या आदर्श आहेत असं नाही, पण आहेत.

आता स्वातंत्र्यानंतरचं. १९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याला वेगळा सांगायला नको. त्यातून रोजगार हमी आली, १९७७ चा कायदा, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू. देशात पहिल्यांदा कामाचा हक्क कायद्याने दिला, तो आपल्या राज्याने. याचा मला अभिमान आहे. पण या योजनेखाली डोंगर पुन्हा हिरवे करायचं जे काम झालं, त्यात घाईचा रोग शिरला. माप काय, तर खड्डे. किती खड्डे खणले, किती रोपं लावली. जगली किती, हे विचारायला पुढच्या वर्षी कुणी येत नाही. गिरिपुष्प, सुबाभूळ लावली, कारण लवकर वाढते. माळरानात लावली, जिथे माळढोकाला आणि काळविटाला उघडं गवत हवं असतं. गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणतो ना, तिथूनच गडबड सुरू होते. आणि मग उन्हाळ्यात वणवा आला की त्याच खड्ड्यांत नवी रोपं, नवा फलक, नवं बिल. माझ्या एका जुन्या वहीत एकाच टेकडीच्या वृक्षारोपणाच्या तीन बातम्या आहेत, तीन वेगळ्या सालांच्या. तिन्हीत पाहुणे वेगळे, टेकडी तीच.

अमेरिकेत जरा परत जाऊ. १९८८ ला त्यांचं यलोस्टोन जळालं, पार्कचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. सगळीकडे बोंब झाली की पार्क संपलं. पण तिथल्या लॉजपोल पाइनच्या काही फळांवर राळेचा लेप असतो, तो आगीच्या उष्णतेनेच वितळतो आणि बी सुटतं. पुढची काही वर्षं जमिनीला हात न लावता रोपांचं गालिच्यासारखं जंगल आलं. जंगल परत उभं करायला बहुतेक ठिकाणी कायद्याची घाई लागत नाही, थोडं बाजूला व्हायचं धैर्य लागतं. इमारतीचं तसं नाही. ग्रँड कॅन्यनचं ते लॉज १९२८ साली बांधलं, १९३२ ला जळालं, १९३७ पर्यंत पुन्हा उभं केलं, आणि आता परत जळालं. इमारतीला माणूस लागतो, पैसा लागतो, परवानगी लागते. म्हणून 'लवकर करा' हा कायदा नेहमी इमारतीच्या बाजूने धावतो. हे तिकडेच आहे असं नाही.

आपल्याकडचं बघा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने अट घातली की अभयारण्यात व्यापारी पर्यटन लॉज-हॉटेलं बांधायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची आधी मंजुरी हवी. चांगली अट. मग २०२३ ला वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. त्यात व्यवस्थापन आराखड्यात असलेल्या इको-टुरिझमच्या सोयी 'वनेतर काम' या व्याख्येतून बाहेर काढल्या. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या जंगलातली सरकारी प्राणिसंग्रहालयं आणि सफाऱ्या पण. म्हणजे त्यांना केंद्राच्या मंजुरीचा तो लांबचा रस्ता नको. सुप्रीम कोर्टाने १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात सफारी-प्राणिसंग्रहालयांना आमच्या परवानगीशिवाय हात लावू नका असं सांगितलं, हा भाग वेगळा. पण दिशा कळली ना? घाई कुणासाठी झाली ते कळलं ना?

पैशाचं पण तसंच. जंगल तोडून प्रकल्प करणाऱ्यांकडून भरपाईचे पैसे घ्यायचे, ते वर्षानुवर्षं साठत गेले. २०१६ ला त्यासाठी कायदा केला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये एका झटक्यात वाटले. नियमांत वणवा रोखण्यावर खर्च करायला मुभा आहे. तरी त्या पैशातलं काय ठाकरवाडीच्या डहाळीपर्यंत पोचलं, हे विचारायला मी एकदा एका कार्यालयात गेलो. दोन तास बसलो. चहा मिळाला. उत्तर असं मिळालं की हंगामी मजुरांच्या पगाराचं काम 'प्रक्रियेत' आहे. ज्या पोराने मार्चमध्ये जाळरेषा काढली, त्याला पैसे दिवाळीनंतर मिळाले. जाळरेषा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, आग पुढे सरकू नये म्हणून वणव्याच्या हंगामाआधी गवत-पाला काढून जो मोकळा पट्टा करतात, ती. जंगलातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम. त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढाच त्याचा दोष.

अकोल्यात जंगल जळतं तेव्हा नेमकं काय जळतं, हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणून लिहितो. हिरडा जळतो. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकायचा, यावर आपल्या डोंगरातल्या कितीतरी घरांचं उन्हाळ्याचं मीठ-मिरची चालतं. झाडाची साल होरपळली की पुढचा बहार गेला. आणि भरपाई? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याचं नुकसान झालं. आंबा पडला तर पंचनामा, हिरडा पडला तर प्रश्न, की हे 'पीक' आहे की 'वनोपज'? हा प्रश्न सोडवायला आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. वादळात ही गत, तर वणव्यात पंचनाम्याला येतंय कोण? लवकर करण्याचा एखादा कायदा हवा असेल तर तो इथे हवा होता.

आणि काजवे. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. काजव्याचं झाडावर चमकणं आपण बघतो दोन-चार आठवडे. त्याआधी तो कितीतरी महिने अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात असतो. मार्चमध्ये पाचोळा जळाला की जूनचा काजवा तिथेच जळाला. हॉटेलवाल्या माझ्या मित्रांनो, हे तुमच्या धंद्याचं आहे म्हणून खास लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं रडगाणं. नाही. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ते आपण सोडून बाकी सगळे बघायला येतात. राळेगणला १९७५ नंतर आणि हिवरे बाजारला १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाल्यावर काय केलं? कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. त्यातली चराईबंदी नीट समजून घ्या. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, पण गवत कापून न्यायचं. आणि जे गवत कापून नेलं ते जळत नाही! वणवा जळतो तो वाळलेल्या गवतावर. हिवरे बाजारने वणव्याविरुद्ध फलक लावून डोंगर राखला नाही, विळ्याने राखला. सरकारी जंगल होतं, पण गवत गावाच्या गोठ्यात येत होतं, म्हणून डोंगरावर धूर दिसला की गाव पळत वर जात होतं. १९२७ च्या कायद्यात काय होतं? आग लागली तर गवत बंद. इथे उलटं, गवत मिळतंय म्हणून आग नाही.

आणि याला कायदा पण आहे. २००६ चा वनहक्क कायदा, नियम १ जानेवारी २००८ पासून. वैयक्तिक पट्ट्यांसाठी आपण त्याचं नाव ऐकतो, मोर्चे त्यासाठीच निघतात, आणि ते रास्तच आहे. पण त्यात सामूहिक वनहक्क आहे, आणि कलम ५ ने ग्रामसभेला जंगल राखायचा, त्याचं नुकसान करणारं काम थांबवायचा अधिकार दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ ला तो हक्क मिळवून दाखवला. अभयारण्यातल्या गावांना हा कायदा लागू नाही, असं अकोल्यात मला अजूनही कुणी कुणी ठासून सांगतं. चूक आहे. लागू आहे, कायद्यातच अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही शब्द लिहिलेत.

मी हे लिहितोय आणि समोर जुनी वही उघडी आहे. त्या रात्रीची. बारा माणसांची नावं मी तेव्हा लिहून घेतली होती, छापली नव्हती. त्यातले चार आता नाहीत. एकाचा नातू वनविभागात हंगामी कामाला आहे, गेल्या उन्हाळ्यात त्याच डोंगरावर दिसला. हातात पालापाचोळा उडवायचं ब्लोअर मशीन होतं, पेट्रोल संपलं होतं, म्हणून कमरेला डहाळी खोचली होती.

वणव्याचा हंगाम सरकारी हिशेबाने १५ फेब्रुवारीला सुरू होतो, १५ जूनला संपतो. २६ जानेवारीची ग्रामसभा त्याच्या वीस दिवस आधी येते. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना माझी एवढीच विनंती, या वेळी विषयपत्रिकेत जाळरेषा लिहा. कुठून कुठपर्यंत, किती माणसं, किती दिवस, मजुरी कोण देणार आणि कधी. गवत कुणी कापायचं, कुठल्या कुंपणापर्यंत. ठराव करून वनक्षेत्रपालांना पोच घेऊन द्या. पोच घ्यायची विसरू नका. ज्या गावात असा ठराव होईल तिथे मी स्वतः येईन, आणि या वेळी बातमीत वाडीचं नाव असेल.